आर्त आवाज म्हणजे रडका आवाज नव्हे

फोंड्याच्या एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. देवळातल्या उत्सवाच्या मैफलीसाठी निवेदन लिहिताना त्यांनी गायिकेबद्दल 'आर्त आवाज' असं लिहिलं. समितीतल्या एकांनी ते खोडून 'करुण आवाज' केलं. म्हणे आर्त म्हणजे पिडलेला, तो शब्द रागदारीला कसा चालेल? खरं काय?

खोडणाऱ्यांचं संस्कृत चुकलेलं नाही. गीतेत भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला आर्त म्हणजे संकटात सापडलेलाच. पण मराठीत शब्द तेवढ्यावर थांबला नाही. जुन्या मराठीत आर्त हे नामही आहे आणि त्याचा अर्थ इच्छा, तळमळ. 'आर्त हाक' म्हटलं की हाक मारणारा दुःखी आहे एवढंच कळत नाही, त्याला कुणाची तरी ओ हवी आहे हेही कळतं. गाण्यातली आर्तता ती हीच, ओढ. करुण हा रस. पद करुण असेल, प्रसंग करुण असेल. गळ्याला मात्र आर्तच शोभतं.

आता हे कानांनी तपासून बघा. किशोरी आमोणकरांचा भूप राग ऐका. सा रे ग प ध, पाचही स्वर शुद्ध. कोमल औषधालासुद्धा नाही. तरी त्या पंचमावरून, म्हणजे प वरून, मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, गंधाराकडे, म्हणजे ग कडे येतात तेव्हा स्वर लगेच टेकवत नाहीत, जरा अलीकडेच रेंगाळतात, आणि मग गंधार लागतो. तो उशीर म्हणजे आर्तता. याउलट आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी घ्या, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली ती. रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल, आणि आवाज मात्र खणखणीत, खुल्या 'आ'काराचा, कुणापुढे पदर न पसरणारा. डोळे तिथेही भरतात. पण त्या आवाजाला मी आर्त म्हणणार नाही. भारदस्त म्हणेन, जवारीदार म्हणेन, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेसारखा घुमणारा. दोघी जयपूर-अत्रौली घराण्याच्याच. केसरबाई या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्याकडे शिकल्या. किशोरीताईंना तालीम आईची, म्हणजे कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांची, आणि मोगूबाईही खाँसाहेबांच्याच शिष्या. तेव्हा घराणं सांगून आवाजाचं विशेषण ठरत नाही, कोमल स्वर मोजूनही नाही.

आवाज कापरा केला, शब्दाशब्दाला उसासा टाकला की आर्त झाला, असा एक समज अलीकडे बोकाळलाय. तो रडका आवाज. निवेदकांना दोन्ही सारखेच वाटतात, त्याला इलाज नाही.

म्हणून बाई, तुमचा शब्द बरोबर आहे, फक्त गायिकेचं गाणं आधी ऐकून मगच लावा. आणखी एक, तुम्ही पाठवलेल्या मजकुरात पुढे एके ठिकाणी 'आर्द्र आवाज' झालंय. आर्द्र म्हणजे ओला. 'करुणार्द्र' चांगला शब्द आहे, तिथे करुणेने मन भिजलेलं असतं. पण नुसतं 'आर्द्र' म्हटलं की गोव्यात लोकांना पावसाळाच आठवणार, आणि पावसाळ्यात तंबोरा कसा सुरातून उतरतो ते साथीदारांना विचारा.