आई निवृत्त झाली आहे, तिला कशात गुंतवावे?

तुमचा प्रश्न असा: आई साठीला निवृत्त झाली, घरात बसून कुढते, तिचं पुढचं आयुष्य समाधानाचं आणि अर्थपूर्ण व्हावं म्हणून तिला कशात गुंतवावं? विचारलंय चांगल्या मनाने, पण 'गुंतवावं' वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आई म्हणजे काय मुदत ठेव आहे?

मी सोलापुरात बँकेच्या काउंटरवर ३४ वर्षं काढली. २०१७ ला निवृत्त झाले, पुढच्या वर्षी नात झाली म्हणून पुण्याला गेले. नातीचं करण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. ती शाळेत जायला लागली, माझा दिवस मोकळा झाला आणि चिरंजीवांनी मला गुंतवायला घेतलं. सोमवारी हास्यक्लब, बुधवारी मंडला आर्ट, शनिवारी सोसायटीचं भजनी मंडळ. मंडला मी तीन काढले, तिन्ही फ्रिजवर चिकटवले गेले. हास्यक्लबात हसून आले की अकराव्या मजल्यावर बाल्कनीत बसायचं. आज मी गेले नसते तर कुणाचं काय अडलं असतं, एवढंच डोक्यात.

२०२२ च्या नोव्हेंबरात आठ दिवसांसाठी म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात एक अक्का, माझी काउंटरवरची जुनी ओळख. आमच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात, हिनेही जन्मभर पान कातरलं, तंबाखू भरली, दोरा बांधला. पीएफची पेन्शन हजाराच्या घरात, तीही थांबलेली. कारण दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला निघेना. दहाही बोटं मशीनवर लावून झाली होती, एकही जुळलं नव्हतं. मी तिचा अंगठा उजेडात धरून पाहिला. पाटा घासून घासून गुळगुळीत व्हावा तसा. रेषा होत्याच कुठे!

"बाई, मी बसलेय की हितं तुमच्यासमोर. अजून काय दाखला पाहिजे?"

चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय पीएफवाल्यांना त्याच वर्षी झाली होती. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन ॲप माझ्या फोनवर घेतली, तिचा पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर घातला आणि म्हटलं, अक्का, कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिटा-उघडा. तिने मिटले ते देवापुढे मिटतात तसे, हात जोडून, आणि उघडेचना. चौथ्या खेपेला खिडकीकडे तोंड करून बसवली तेव्हा कुठे झालं. चहा घेऊन गेली आणि तासाभरात गल्लीतल्या आणखी पाच जणींना घेऊन आली.

मी पुण्याला परत गेले नाही.

त्यावरून घरात जे महाभारत झालं ते अजून मिटलेलं नाही. मुलाचा प्रश्न, "आई, याचे पैसे मिळतात का तुला?" मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, स्वतःची नात टाकून लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळतेय. मी कर्व्यांचा दाखला दिला: अण्णासाहेबांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, म्हणजे आपल्याकडे निरोपाचा नारळ मिळतो त्या वयाचे. तर थोरले दीर म्हणे, "तू कर्वे आहेस का?" नाही बाबा. शिवाय अण्णासाहेब वर्गणीसाठी हिंडत होते तेव्हा घर त्यांच्या पत्नी बाया कर्वे ओढत होत्या, हे कुणी सांगत नाही. माझ्याकडे ते खातं आमच्या ह्यांच्याकडे आहे. सकाळचा चहा आणि कुकर ते लावतात.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर छंदवर्ग लावून देऊ नका. तिथे गेलं नाही तर कुणी विचारत नाही. घराबाहेरचं एखादं माणूस "आज बाई का नाही आल्या?" म्हणेल असं काहीतरी लागतं. ते शोधायचं तिनेच, तुम्ही यादी करायची नाही. आणि तुमच्या मुलांना सांभाळणं हाच तिच्या म्हातारपणाचा अर्थ, असं गृहीत तर मुळीच धरू नका.

हां, माझं स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, गुडघे अजून साथ देतात. हे नसेल तर माझं बोलणं पोटभरल्याचं वाटेल. तुमच्या आईला भजनात खरंच गोडी असेल तर जाऊ दे तिला. आणि नातीची आठवण येते. मे महिन्यात ती इकडे असते, तेव्हा मी अक्का लोकांना सांगून ठेवते की पीएफचा दाखला वर्षात कधीही दिला तरी तिथून बारा महिने चालतो, नोव्हेंबरच लागतो असं नाही. ऐकत नाहीत. दिवाळी झाली की दारात रांग.

गेल्या नोव्हेंबरात चिरंजीवांचा फोन आला. सासऱ्यांचा अंगठा लागत नव्हता, बँकेत दोन हेलपाटे झाले होते. मी फोनवरूनच सांगितलं, चष्मा काढा, खिडकीकडे तोंड करून बसवा, पापणी सावकाश लववायला सांगा. दुसऱ्या खेपेला झालं. याचे पैसे मिळतात का, हे या वेळी त्याने विचारलं नाही.