रक्ती हगवणीतून बरी झालेली कोंबडी पुन्हा त्याच रोगाने आजारी पडते का? (सोलापूर)

होय, पडू शकते. कारण हा रोग एका परजीवीचा नसून कोंबड्यांत आयमेरिया वंशाच्या सात प्रजातींमुळे होतो आणि एका प्रजातीविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसरीला रोखत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट टायझर यांनी १९२९ मध्ये यांपैकी तीन प्रजातींचे वर्णन करताना हेच प्रयोगांनी दाखवले. सोलापूरची कोरडी हवा पाळणाऱ्याला उपकारक असली, तरी पाण्याच्या भांड्याभोवती ओल्या राहिलेल्या गादीत (जमिनीवर अंथरलेल्या भुशात) विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडीसदृश रूपे एकदोन दिवसांत संसर्गक्षम होतात. मात्र प्रत्येक प्रजातीत विष्ठेत रक्त दिसतेच असे नाही, म्हणून निदान पशुवैद्यकाकडून सूक्ष्मदर्शकाखाली करून घ्यावे.