विचारा की! : नावडतीचं मीठ अळणी

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो की पाकिस्तानचं राजकारण म्हणजे आपली आवडती-नावडतीची कहाणी आहे, राण्या बदलतात, राजा तोच. त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळी कांदा आणि एसटी दोन्ही बाजूला ठेवून फक्त तेच घेतो.

इम्रान खानला आर्मीनेच आणला म्हणतात आणि आर्मीनेच काढला पण म्हणतात. मग भांडण कशावरून झालं? आम्हाला तो फक्त 92 चा वर्ल्ड कप उचलताना आठवतो. — एक वाचक, लातूर

मलाही तोच आठवतो हो, मेलबर्न, रात्रीची मॅच आणि हातात ती क्रिस्टलची ट्रॉफी. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो. 87 च्या वर्ल्ड कपनंतर इम्रान रिटायर झाला होता, तेव्हा जनरल झिया उल हक यांनी चारचौघांत त्याला परत ये म्हणून गळ घातली आणि तो 88 मध्ये परत आला. म्हणजे वर्दीवाल्याने बोलावलं आणि हा आला, हे क्रिकेटपासूनच आहे (हा माझा टोमणा आहे, पुरावा म्हणून धरू नका).

पक्ष काढला 1996 साली. 2002 मध्ये सीट किती तर एक, ती पण स्वतःची. मग 30 ऑक्टोबर 2011 ला लाहोरला मिनार-ए-पाकिस्तानच्या मैदानात प्रचंड सभा झाली आणि एकदम हवा फिरली. ती गर्दी खोटी नव्हती, हे आधी नीट समजून घ्या. शहरातला शिकलेला तरुण शरीफ आणि भुट्टो-झरदारी या दोन घराण्यांना खरंच कंटाळला होता आणि समोर देखणा, कॅन्सर हॉस्पिटल उभं करून दाखवलेला माणूस होता. विरोधक म्हणतात सभेमागे पिंडीचा, म्हणजे फौजेचा, हात होता. असेल, पण हात असून लाखभर लोक नाचत येत नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात आणि पाकिस्तान समजायचा तर तेच आधी गिळावं लागतं.

2014 मध्ये त्याने इस्लामाबादला 126 दिवस धरणं धरलं. तेव्हा भाषणात सारखं काय यायचं, तर अंपायरचं बोट वर होणार. अंपायर कोण हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. बोट तेव्हा वर झालं नाही. पण 2017 मध्ये पनामा प्रकरणात (परदेशातल्या लपवलेल्या मालमत्तांचं प्रकरण) सुप्रीम कोर्टाने तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफांना अपात्र ठरवलं, जुलै 2018 ला निवडणूक झाली आणि ऑगस्टमध्ये इम्रान पंतप्रधान. संसदेत पहिल्याच दिवशी बिलावल भुट्टोने त्याला ‘प्राइम मिनिस्टर सिलेक्ट’ (इलेक्ट नव्हे, वरून सिलेक्ट केलेला) म्हटलं आणि इम्रानने बाकं वाजवली, अर्थ नंतर लक्षात आला असावा.

पहिली तीन वर्षं मग सगळं गोडीगुलाबी. सरकार आणि फौज ‘सेम पेज’वर आहेत हे तो अभिमानाने सांगायचा, लष्करप्रमुख जनरल बाजवांना 2019 मध्ये तीन वर्षांची मुदतवाढ पण यानेच दिली. बिनसलं ते ऑक्टोबर 2021 मध्ये, आयएसआयच्या प्रमुखावरून. इम्रानला आधीचेच फैझ हमीद हवे होते, फौजेने नदीम अंजुम यांचं नाव दिलं आणि इम्रानने ती फाइल काही आठवडे दाबून ठेवली. झालं. एका सहीचं भांडण वाटतं ना? पण फौजेतल्या बदल्या-बढत्यांमध्ये सिव्हिलियनने बोट घालायचं नाही हा तिथला न लिहिलेला पहिला नियम आहे, बाकी भाषणं कितीही करा. एप्रिल 2022 मध्ये अविश्वास ठरावाने तो गेला, त्या मार्गाने गेलेला पाकिस्तानचा पहिला पंतप्रधान. आणि गंमत बघा, ज्या असीम मुनीर यांना यानेच 2019 मध्ये आयएसआयच्या खुर्चीवरून आठ महिन्यांत हलवलं होतं, तेच नोव्हेंबर 2022 मध्ये लष्करप्रमुख झाले. म्हणजे सून म्हणून घरातून काढलेली बाई सासू होऊन परत आली की हो.

टोरांटोला माझ्या टीममध्ये एक पाकिस्तानी मुलगा आहे, इम्रानचा कट्टर फॅन. त्याचं अर्धं बोलणं डोक्यावरून जातं, ‘न्यूट्रल’, ‘लाडला’, ‘खलाई मखलूक’... जरा डिक्शनरी द्या ना! — एक वाचक, कॅनडा

घ्या. फौजेला थेट फौज म्हणायची सोय नसल्यामुळे तिथे टोपणनावांचं पीक आलंय. ‘एस्टॅब्लिशमेंट’ हे सभ्य नाव, ‘पिंडी’ म्हणजे रावळपिंडी कारण आर्मीचं हेडक्वार्टर तिथे. ‘खलाई मखलूक’ म्हणजे परग्रहावरचे प्राणी, हे 2018 च्या निवडणुकीत नवाझ शरीफांनी आणलं, तेव्हा ते नावडते होते. ‘लाडला’ म्हणजे आपली आवडती, हा शब्द आधी इम्रानसाठी होता, मग 2023 मध्ये नवाझ लंडनहून परत आले तेव्हा त्यांच्यासाठी झाला, शब्द तोच, माणूस बदलला. ‘न्यूट्रल’ सगळ्यात भारी. मार्च 2022 मध्ये फौज म्हणायला लागली की आम्ही आता तटस्थ, त्यावर इम्रान जाहीर सभेत बोलला की न्यूट्रल तर जनावर असतं. तेव्हापासून ‘न्यूट्रल्स’ म्हणजे जनरल.

मित्राशी वाद घालू नका असा आपला सल्ला. ऐकून घ्या, चहा पाजा.

तुमच्या लिहिण्यावरून इम्रान म्हणजे लष्कराविरुद्ध लढणारा लोकशाहीचा हिरो वाटतो. आहे का तसा? — एक वाचक, डोंबिवली

नाही. पण व्हिलन पण नाही, थांबा जरा.

तिथली वंशावळ बघा. झुल्फिकार अली भुट्टो कुठून आले? जनरल अयुब खानच्या मंत्रिमंडळातून, 1958 पासून. बाहेर पडले, 1967 ला पक्ष काढला, रोटी कपडा मकान म्हणत लोकांना वेड लावलं. 1971 नंतर फौज इतकी खाली गेली होती की तिला बराकीत बसवायची एवढी चांगली संधी कुणालाच पुन्हा मिळाली नाही, 93 हजार लोक युद्धकैदी होते, जनरलला कोण विचारतोय. भुट्टोंनी काय केलं? बलुचिस्तानात तीच फौज पाठवली, 1977 मध्ये स्वतःच्या विरोधातला मोर्चा आवरेना तेव्हा कराची लाहोरला स्वतःच मार्शल लॉ लावला, आणि त्याच्या वर्षभर आधी कितीतरी सीनियर बाजूला सारून झियांना लष्करप्रमुख केलं, का तर हा माणूस गरीब आहे, मान खाली घालून असतो. त्याच झियांच्या राजवटीत एप्रिल 1979 ला फाशी झाली. 2024 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्यांना न्याय्य खटला मिळाला नव्हता, पंचेचाळीस वर्षांनी.

नवाझ शरीफ तर झियांच्या काळात पंजाब सरकारात अर्थमंत्री म्हणून आले. 1990 च्या निवडणुकीत आयएसआयने पैसे वाटले हे असगर खान केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2012 साली मान्य केलंय, फायदा झालेल्या आघाडीचे नेते हेच. मग 1998 मध्ये यांनी लष्करप्रमुख म्हणून मुशर्रफना निवडलं, पुढच्या वर्षी मुशर्रफनी यांना घरी पाठवलं. (याच नवाझचा इम्राननेच सांगितलेला किस्सा आहे, 87 च्या सुमारास एका सराव सामन्यात मुख्यमंत्रीसाहेब थेट ओपनिंगला उतरले, फास्ट बोलरसमोर, डोक्याला हेल्मेट नाही, साधी टोपी. यशाची खात्री कुठून येत असेल कुणास ठाऊक.)

म्हणजे भुट्टो काय, नवाझ काय, इम्रान काय, तिघंही राजवाड्यातून बाहेर पडलेल्या राण्या आहेत, रस्त्यावरून चालत येऊन राजवाड्यावर चाल करणारं यात कुणीच नाही. लोकांची गर्दी बघून प्रत्येकाला एका क्षणी वाटतं की आता आपल्याला राजाची गरज नाही, तिथेच नावडती सुरू होते. आणि नावडतीचं मीठ अळणी, एकदा ठरलं की मग तोशाखान्याच्या (सरकारी भेटवस्तूंच्या खजिन्याच्या) घड्याळापासून सगळ्याच्या केसेस होतात, ज्या आवडती असताना कुणाला दिसत नव्हत्या. त्या केसेस खोट्याच असतात असं पण नाही बरं का.

माझी तक्रार वेगळीच आहे. नावडती झाल्यावर प्रत्येकजण लोकशाहीवर छान भाषण करतो, पण उरलेल्या राण्या तेवढ्यात आवडती व्हायला रांग लावतात. 2018 ला इम्रान लावून बसला होता, 2022 ला शरीफ-झरदारी. तिघं एकदा, फक्त एकदा, एकाच बाजूला बसले असते तर राजाचं अवघड झालं असतं. इम्रान सत्तेत असताना विरोधकांशी हात मिळवायला तयार नव्हता, चोर-डाकूंशी बोलत नाही म्हणायचा आणि तुरुंगातूनही त्याचा पक्ष बराच काळ म्हणत राहिला की बोलू तर फौजेशीच. हे मला हिरोचं लक्षण वाटत नाही.

पण एक गोष्ट त्याच्या बाजूने नवी घडलीये ती सांगितलीच पाहिजे. आधी नावडती झाली की लोक पण विसरायचे. इम्रानचं उलटं झालं. फेब्रुवारी 2024 च्या निवडणुकीआधी पक्षाचं बॅट चिन्ह काढून घेतलं, नेता तुरुंगात, मतदानाच्या दिवशी मोबाइल बंद, उमेदवार अपक्ष म्हणून उभे आणि कुणाला वांगं कुणाला बूट कुणाला बाटली अशी चिन्हं. लोकांनी शोधून शोधून वांग्यावर शिक्के मारले, नव्वदच्या वर निवडून आले, कुठल्याही एका पक्षापेक्षा जास्त. सरकार मात्र शाहबाझ शरीफांचं.

आमचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ते म्हणायचे, पाकिस्तानी ऑफिसर आणि आपले एकाच इंग्रजाच्या तालमीतले. मग त्यांची फौज गादीवर आणि आपली बराकीत असं का झालं? — एक वाचक, सातारा

साताऱ्याहून हा प्रश्न यावा हे फारच बरं झालं, कारण गादी एकीकडे आणि कारभार दुसरीकडे म्हणजे काय हे तुम्हाला मी शिकवायला नको. गादी साताऱ्याला, कारभार शनिवारवाड्यात. तसं त्यांचं इस्लामाबाद आणि पिंडी, शेजारीच आहेत.

वडील बरोबर बोलायचे. फरक ट्रेनिंगमध्ये नाहीच. फाळणीत पाकिस्तानला पैशाअडक्यातला वाटा साडेसतरा टक्के आणि सैन्यातला सुमारे एक तृतीयांश आला, म्हणजे घर लहान आणि राखणदार दांडगा. त्यात जिना सप्टेंबर 1948 ला गेले, लियाकत अली 1951 ला रावळपिंडीच्या सभेत गोळी लागून गेले, आणि 1958 पर्यंत सात पंतप्रधान झाले. घटना यायला 1956 उजाडलं, प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1970 ला. आपली 1951-52 ला झाली होती. मुस्लीम लीगचा जोर होता तो यूपी आणि मुंबईकडे, जे पाकिस्तानात गेलेच नाही, पाकिस्तानात आलेल्या भागात गावोगाव कार्यकर्ता असा नव्हताच. मग पोकळी भरणार कोण, कलेक्टर आणि कर्नल. त्यात 1954 पासून अमेरिकेची शस्त्रं आणि डॉलर, ते थेट फौजेच्या दारात.

आता दोन माणसं शेजारी ठेवून बघा. आपले लष्करप्रमुख करिअप्पा 1953 ला रिटायर झाले आणि सरकारने त्यांना हायकमिशनर करून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. तिकडे अयुब खान 1951 पासून कमांडर-इन-चीफ, 1954 मध्ये वर्दीतच संरक्षणमंत्री, आणि 1958 ला राष्ट्राध्यक्ष. इथे कमांडर-इन-चीफ हे पदच 1955 ला रद्द केलं, तिन्ही दलांचे तीन प्रमुख सारखे. आणि दिल्लीचं तीन मूर्ती भवन माहितीये ना, ते आधी इंग्रज कमांडर-इन-चीफचा बंगला होता, त्यात नेहरू राहायला गेले. जनरलच्या घरात पंतप्रधान, यातून ज्याला समजायचं त्याला समजलं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक जोडतो. 9 मे 2023 ला इम्रानला कोर्टातून उचललं तेव्हा लोक लाहोरच्या कोर कमांडरच्या बंगल्यात घुसले, जाळपोळ झाली, एकजण तर बंगल्यातला मोर काखेत मारून निघाला. मोरावर सगळे हसले, पण पिंडी का हादरली असेल? फौजेवरचा राग आधी ढाक्यात होता, बलुचिस्तानात होता, सिंधमध्ये होता. यावेळी तो लाहोरमध्ये होता, पंजाबात, जिथून ही फौज भरती होते. साताऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीविरुद्ध दगड पडावा तसं झालं ते. म्हणून मग नागरिकांवर थेट लष्करी कोर्टात खटले चालले.

आपल्याकडे पण दोन वर्षं मिलिटरी आणली पाहिजे, सगळे सरळ होतील. पटतंय का? — एक ज्येष्ठ वाचक, पुणे

नाही पटत, काका. झियांनी जुलै 1977 ला टीव्हीवर सांगितलं होतं की 90 दिवसांत निवडणूक घेतो. राहिले अकरा वर्षं, आणि गेले तेही 1988 ला विमान कोसळलं म्हणून. तुमची दोन वर्षं कोण मोजणार ते आधी ठरवा. आणि हल्ली तर रणगाडे आणायची पण गरज उरलेली नाही. मुनीर यांनी सत्ता हातात घेतलीच नाही, तरी नोव्हेंबर 2024 ला लष्करप्रमुखाची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, मे 2025 ला ते फील्ड मार्शल झाले, अयुबनंतर दुसरेच, आणि नोव्हेंबर 2025 च्या 27 व्या घटनादुरुस्तीने तिन्ही दलांवर एकच प्रमुख आणि फील्ड मार्शलला आयुष्यभर खटल्यापासून संरक्षण. हे सगळं निवडून आलेल्या संसदेने हात वर करून पास केलंय, बंदूक कुठे दिसली पण नाही.

‘फौजी’ नावाचे कॉर्नफ्लेक्स खरंच मिळतात का तिकडे? की व्हॉट्सअॅप? — एक वाचक, सोलापूर

यावेळी व्हॉट्सअॅप खरं बोललंय. फौजी फाउंडेशन 1954 ची, माजी सैनिकांच्या कल्याणासाठी काढलेली, आता खत आहे, सिमेंट आहे, वीज आहे, बँकेत वाटा आहे आणि हो, नाश्त्याचे सीरियल्स पण. सकाळी वाटीत फौजी, दुपारी शेतात फौजी खत, घर बांधायला फौजी सिमेंट. चवीचं विचारू नका, आम्ही पोहेवाले.