मुलगी शेजारच्याच खोलीत आहे

आदरणीय पालक,

तुमच्या पत्राला जोडलेली चॅटबॉटची दोन पानी प्रिंट मी आधी वाचली. 'मुलीला मानसशास्त्र घ्यायचंय, पण आता मशीनलाच माणसाइतकी बुद्धी आली, तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच योग्य ना?' हा तुमचा प्रश्न आणि 'होय' हे त्याचं उत्तर. ते तुम्ही जेवताना वाचून दाखवलंत आणि ती भरल्या ताटावरून उठली. तिच्या ७८ टक्क्यांपेक्षा मला याचीच काळजी वाटते.

'योग्य ना?' असं विचारलं की उत्तर आपणच हातात देतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा समोरच्याच्या शब्दांवरूनच उत्तर देणारा साधा प्रोग्रॅम लिहिला. कुणी आईचा उल्लेख केला की तो म्हणे, 'घरच्यांबद्दल आणखी सांगा.' एवढ्यावरही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आजची यंत्रं फार पुढे गेली आहेत. तरी तिला मानसशास्त्र का हवंय, हे त्या दोन पानांत कुठेच नाही, आणि तुम्ही ते तिला विचारल्याचं पत्रातही नाही.

'मशीनची बुद्धी इंजिनिअरांची, मन आर्ट्सवाल्यांचं' हा समज तर साफ चुकीचा आहे. मशीन विचार करू शकेल का, या प्रश्नावरचा गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांचा १९५० चा लेख 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. चॅटबॉटमागे असतं ते न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूच्या पेशींवरून सुचलेली शिकणारी रचना; तिचा पूर्वज असलेला पर्सेप्ट्रॉन फ्रँक रोझेनब्लॅट या मानसशास्त्रज्ञाचा. अशा नेटवर्कवरच्या कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे जेफ्री हिंटन केंब्रिजला शिकले ते प्रायोगिक मानसशास्त्र.

सीईटी, जेईईचे फॉर्म भरलेत, देऊ दे तिला. पुढे आयआयटी कानपूर, गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन आणि बुद्धी कशी चालते याचं शास्त्र, आहे. गणित मात्र सोडू देऊ नका.

प्रिंटच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'मॅडम, त्याला आपण काय म्हणतो ते कळतं का?' ती तुम्ही पाहिली नसावी. पुढचं तिच्यासाठी.

बाळा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. १९८० मध्ये तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी एक खोली कल्पिली. आतल्या माणसाला चिनी येत नाही, पण नियमांचं पुस्तक बघून तो चिनी चिठ्ठ्यांना बिनचूक उत्तरं देतो. बाहेरच्यांना वाटतं, याला चिनी येतं. सर्ल म्हणतात, त्याला काहीच कळत नाही, आणि मशीनचंही तसंच. विरोधक म्हणतात, त्या एकट्याला कळत नसेल, पण माणूस, पुस्तक, खोली मिळून जे होतं त्याला कळतं. मला सर्ल पटतात. तू कोणत्या बाजूची, ते कारणांसह लिही. आणि मला पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखव.