युनिव्हर्सिटी असलेल्या छोट्या शहराचा २५ वर्षांचा डीपी (विकास आराखडा) येतोय, सामान्य माणसाने त्यात नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. महाराष्ट्रातल्या तुमच्या गावाबाहेर आठ किलोमीटरवर युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आलंय, नगरपालिकेने पुढच्या २५ वर्षांचा डीपी करायला घेतलाय, नकाशा भिंतीवर लावलाय आणि बघायला गेलं तर नुसते रंगच रंग, पिवळा निळा जांभळा हिरवा, त्यातलं आपण काय बघायचं आणि हरकत द्यायची तर कशावर द्यायची, असं विचारलंय तुम्ही. खाली "बडोद्याच्या कोणी सांगितलं तर बरं" असंही आहे म्हणून लिहायला बसलो. आधीच सांगतो, मी प्लॅनर नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ड्राफ्ट्समन झालो, तीसेक वर्षं नकाशे काढले, आधी ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनने आणि मग कॉम्प्युटरवर, त्यामुळे नकाशात काय काढतात त्यापेक्षा काय काढत नाहीत ते मला जास्त माहीत आहे.

पहिल्यांदा पोरांचं बोलू. आमच्याकडे युनिव्हर्सिटी शहराच्या पोटात आहे. बडोदा कॉलेज १८८१ चं, कलाभवन १८९० चं, आणि १९४९ मध्ये या सगळ्यांची मिळून महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी झाली, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. स्टेशनवर उतरलेला पोरगा बॅग घेऊन चालत घुमटाच्या आर्ट्स फॅकल्टीला पोचतो. फतेगंज, प्रतापगंज, निझामपुरा हे सगळे भाग पोरांवर जगतात, खाणावळी, झेरॉक्सवाले, सेकंडहँड पुस्तकं, रात्री अकराला शेव-उसळीच्या गाडीवर गर्दी. माझा दंडिया बाजारचा वाडा भावांच्या वाटणीत गेला आणि मी समा-निझामपुऱ्याच्या बाजूला एक टेनामेंट घेतलं, वरचा मजला पोरांना दिलाय, तीन खोल्यांत सहा जण. आता गंमत बघा, ही पोरं तीन वर्षांत जातात म्हणून सगळे त्यांना पाहुणे समजतात, आराखडा करणारेसुद्धा, पण माझ्या वरच्या मजल्यावर १९९८ पासून सहा जण आहेतच, एक दिवस खोली रिकामी राहिली नाही. पोरं बदलतात, आकडा बदलत नाही. टाकी तेवढीच रिकामी होते, मोटर तेवढीच चालते. आणि यांची नावं मतदार यादीत कुठेतरी गोध्रा नाहीतर जळगावला असतात, त्यामुळे कॉर्पोरेटरला त्यांच्याशी काही घेणं नाही.

म्हणून तुम्ही पहिला प्रश्न हा विचारा की डीपीच्या लोकसंख्येच्या अंदाजात कॅम्पसची पोरं धरलीत का, आणि कॅम्पस पूर्ण भरल्यावरची धरलीत का आजची. हिशोब सोपा आहे, ड्रेनेज असलेल्या गावात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. पाच हजार पोरं म्हणजे ६ लाख ७५ हजार लिटर रोज. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं, म्हणजे ५ लाख ४० हजार लिटर, ते कुठे जाणार? हॉस्टेल कॅम्पसमध्ये आहे असं सांगतील, सगळी पोरं हॉस्टेलमध्ये मावत नाहीत हो कुठेच. आमच्या वाघोडिया रोडला गेल्या वीसपंचवीस वर्षांत प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या आल्या, त्याही तुमच्यासारख्याच गावाबाहेर, आणि बघता बघता शेतांच्या जागी पीजी आणि फ्लॅट उभे राहिले. तुमच्याकडेही तो आठ किलोमीटरचा रस्ता नकाशात कुठला रंग घेऊन बसलाय ते बघा. हिरवा म्हणजे शेती दाखवला असेल तर हसा आणि सोडून द्या, कारण तिथे पाच वर्षांत टपऱ्या, मग खाणावळी, मग तीन मजली पीजी होणारच, फक्त पाण्याची लाईन आणि ड्रेनेज नसताना होणार. त्यापेक्षा त्या रस्त्यावर एकदोन ठिकाणी वस्ती होणार हे आत्ताच मान्य करून तिथे रस्ते नि लाईन आखून ठेवा, असं लिहून द्या. आणि बस. रात्री लायब्ररी सुटल्यावर मुलगी आठ किलोमीटर कशी येणार, याचं उत्तर डीपीच्या रिपोर्टमध्ये आहे का शोधा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त लागते.

आमच्या विश्वामित्रीला वर्षातले दहा महिने कोणी नदी म्हणणार नाही. पावागडहून येते, शहराच्या मधून वळणं घेत जाते, सयाजीबागेच्या आतूनच जाते, मगरी आहेत शेकड्याने. तिला मिळणारे जे ओढे नि पावसाळी नाले त्यांना इथे कांस म्हणतात, काठाला जी घळ असते ती कोतर. कोरडी कांस म्हणजे सगळ्यांना फुकटची जागा वाटते. पाडकामाचा डबर टाका, भंगार टाका, मग तात्पुरती भिंत, मग गॅरेज. मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा एका प्रायव्हेट ऑफिसात (नाव काय सांगू, आता ते राहिलंही नाही) एका स्कीमचा बेस मॅप ट्रेस करत होतो. सर्व्हेवाल्याने एका बाजूला खोलगट जमीन बारीक रेघांनी दाखवली होती, पाणी साठतं म्हणून. साहेब म्हणाले, ते घाणेरडं दिसतंय, पार्टीला प्लॉट दिसायला पाहिजेत, उडव ते. उडवलं मी. ब्लेडने खरवडायला दहा मिनिटं लागली असतील, अमोनिया प्रिंट काढली तर एकदम स्वच्छ कागद. तिथे नंतर सोसायटी झाली. त्या बाजूने जायची वेळ आली तर मी आजही पावसाळ्यात दुसऱ्या रस्त्याने जातो.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला, सोसायट्यांच्या रस्त्यांवर मगरी फिरल्या, ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. मग २०२४ च्या ऑगस्टअखेर परत, या वेळी काळाघोड्याच्या पुलाशी विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या पुढे गेली आणि माझ्या घरात खालच्या मजल्यावर कमरेएवढं पाणी. वरच्या पोरांनी फ्रीज, आईचा देव्हारा, गाद्या, सगळं उचलून जिन्यावर नेलं, लाईट नाही, पाणी नाही (म्हणजे प्यायचं नाही), दोन दिवस पोहे नि शेंगदाणे. त्या सहातल्या एकालाही माहीत नव्हतं की इथे नदी घरात येते. कसं माहीत असणार, २०१९ ची पोरं केव्हाच नोकरीला लागली होती. तीन वर्षं राहणारी माणसं आणि पाच वर्षांनी येणारा पूर, यांची गाठच पडत नाही. घरमालक खोली देताना सांगत नाही, ब्रोकर तर नाहीच नाही. आता मी जिन्याखाली पाण्याची रेघ तशीच ठेवलीय, जूनमध्ये नवीन पोरगा आला की दाखवतो. यंदाच्या एकाने विचारलं, काका, एवढा भाग रंगवायचा राहिलाय का?

तर तुमच्या नकाशात ओढे बघा. जुना गावनकाशा काढा, भूमिअभिलेखच्या ऑफिसात मिळतो, त्यावरचा प्रत्येक ओढा, तळं, गायरान नव्या नकाशावर आहे का ते बोट ठेवून तपासा. ओढा नुसती ठिपक्यांची रेघ म्हणून दाखवला असेल तर रुंदी विचारा. पूररेषा आखलीय का विचारा आणि ती कुठल्या वर्षाच्या पाण्यावरून आखली तेही. गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन जा, पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना पाठ असतं, कागदापेक्षा ते भरवशाचं. हे काम तुम्ही दोन रविवारात करू शकता, त्याला इंजिनिअर लागत नाही.

लांबचं बघणं म्हणजे काय, तर आमच्याकडे आजवा आहे. सयाजीरावांच्या वेळी, १८९० च्या आसपास, शहरापासून वीसेक किलोमीटरवर तलाव बांधला आणि तिथून पाणी उताराने शहरात आणलं, पंपाशिवाय. इंजिनिअर आपलेच, जगन्नाथ सदाशिवजी. १९०१ च्या जनगणनेत बडोदं लाखभर वस्तीचं होतं, २०११ ला सोळा लाखांच्या वर, मधे महीकाठच्या विहिरींचं वगैरे पाणी जोडावं लागलं, पण जुन्या शहराच्या बऱ्याच भागात आजव्याचं पाणी अजून येतं. पुढे महाराजांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावून शहराच्या वाढीवर रिपोर्ट करून घेतला, तो १९१६ चा. त्या माणसाची पद्धत अशी की आधी पायी फिरायचं, गल्ल्या, तळी, विहिरी बघायच्या, रेघ नंतर मारायची. आता उलटं आहे, आधी रेघ, मग साईट व्हिजिट, तीही गाडीच्या काचेतून.

पण आजव्याचं दुसरं टोकही सांगतो, नाहीतर मी नुसतं जुन्या काळाचं कौतुक करतोय असं वाटेल. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी विश्वामित्रीतच येतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये बडोद्यात दोन माणसं भेटली की पहिलं वाक्य "आजव्याची लेव्हल किती?", मग तब्येत वगैरे. बांधलं तेव्हा खाली मोकळं रान होतं. म्हणजे १३० वर्षांपूर्वीचा चांगला निर्णयसुद्धा खालची जमीन मोकळी राहील या भरवशावर चांगला होता.

जमिनीचं थोडक्यात. मैदान, शाळा, रस्ता असं आरक्षण टाकलं की जमीन नगरपालिकेला घ्यायला पैसे लागतात, पैसे नसतात, आणि दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण काढायच्या मागे लागतो. आमच्याकडे त्यावर टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम जोरात चालते, सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बागा, गरिबांची घरं यांची जागा काढायची आणि उरलेली नीट चौकोनी करून ज्याची त्याला परत. कपात साधारण ४० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ४० गुंठे दिले तर २४ परत, पण रस्त्याला लागलेले. शेतकरी आधी शिव्या देतो, मग भाव बघून गप्प बसतो. वेळ मात्र अतोनात लागतो, वर्षानुवर्षं फायनल होत नाही. तुमच्या महाराष्ट्राच्या कायद्यातही टीपी स्कीम आहे, तेव्हा कॅम्पसच्या रस्त्यालगत तशी करणार का हे विचारायला हरकत नाही. आणखी एक, गुजरातेत डीपी दहा वर्षांत एकदा तपासायचा असतो, तुमच्याकडे वीस वर्षांत. वीस वर्षांत पोरांच्या सहासात बॅचेस येऊन जातात, म्हणून आताच जे लिहून घ्याल ते घ्या.

हरकत कशी द्यायची. इथे गुजरातीत हरकतीला वांधा म्हणतात, वांधा अर्जी, आणि मराठीत वांधे झाले म्हणजे काय ते सांगायला नको. जाहिरातीत मुदत लिहिलेली असते, ती तारीख आधी कॅलेंडरवर मांडा. "आराखडा चुकीचा आहे, रद्द करा" असं लिहिलं तर तो कागद फायलीत जातो आणि तिथेच म्हातारा होतो. सर्व्हे नंबर लिहा, शीट नंबर लिहा, एका अर्जात एकच मुद्दा, शेवटी काय बदल हवा ते एका वाक्यात. ओढ्यासाठी वेगळा अर्ज, बससाठी वेगळा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर डबा घेऊनच जा. सुनावणीला बोलावलं तर कॅम्पसमधली चारपाच पोरं बरोबर न्या, मतदार नसली तरी हरकत द्यायला कोणी अडवत नाही, आणि समितीवाल्यांना एकदा तरी ती तोंडं दिसू देत.

नकाशाचा फोटो मिळाला तर इथेच टाका, कॅम्पसचा रस्ता आणि ओढा दोन्ही येतील असा, मी बघून सांगतो. फक्त उजेडात काढा, मागे एकाने पाठवलेला त्यात सर्व्हे नंबरपेक्षा त्याच्या बोटाची सावली मोठी होती.