‘श्लेष्मल त्वचा’ म्हणावं की आणखी काही?

एका वाचकाचा प्रश्न: नाक, तोंड, आतडी यांच्या आतल्या ओल्या आवरणाला कुठे ‘श्लेष्मल त्वचा’ लिहिलेलं दिसतं, कुठे ‘श्लेष्मकला’, कुठे ‘श्लेष्मल पटल’. बरोबर कोणतं?

तिन्ही चालतात. पण मला स्वतःला त्यातली ‘त्वचा’ खटकते. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या पेशींचा असतो. तो कोरडा, किंचित आम्लधर्मी आणि सारखा झडणारा, त्यामुळे त्याच्यावर बसलेले जंतूही त्याच्याबरोबर गळून जातात. आतल्या आवरणाचा कारभार ओलाव्यावर चालतो. श्वासनलिकेतला चिकट स्राव धूळ आणि जंतू धरून ठेवतो, पेशींवरचे केसांसारखे बारीक तंतू लयीत हलून तो घशाकडे वर ढकलतात, आपण तो नकळत गिळतो आणि उरलेलं काम जठरातलं आम्ल करतं. शिवाय तो स्राव नुसता चिकट नसतो. पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, १९२२ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंगने नाकातल्या शेंबडात जिवाणूंना विरघळवणारं लायसोझाइम असल्याचं दाखवलं. (ज्याच्या नावाने आपण नाक मुरडतो, त्या शेंबडात!) अश्रूंत आणि लाळेतही ते असतं.

‘श्लेष्म’ आला ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे या धातूवरून. श्लेष अलंकार त्याचाच भाऊ. ‘कला’ मात्र जपून वापरावी. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेत शरीरातल्या सात कला, म्हणजे पातळ पडदे, सांगितल्या आहेत, त्यांतली ‘श्लेष्मधरा’ सांध्यांत असते, वंगणासाठी. आयुर्वेद शिकलेला माणूस ‘श्लेष्मकला’ वाचून गुडघ्याकडे बघेल.

बोलीत या आवरणाला एक असं नाव नाही, त्यातून येणाऱ्या स्रावाला मात्र जागेनुसार नावं आहेत: नाकातला शेंबूड, घशातून पडणारा बेडका, शौचातून पडणारी आव. आवरण दुखावलं तर आपण ‘तोंड आलंय’ म्हणतो, तिथेही आवरणाचं नाव नाहीच.

परीक्षेत पाठ्यपुस्तकातलाच शब्द लिहावा. एरवी ‘नाकाचं आतलं अस्तर’, ‘आतड्याचं अस्तर’ सगळ्यांना कळतं. विशेषण हवंच असेल तर ‘श्लेष्मल’ ठेवा, ते ‘मांसल’सारखं सरळ बनलेलं आहे. ‘श्लेष्मिक’ हे हिंदीच्या वाटेने आलेलं रूप मराठीत आणायची गरज नाही.