सिम तुमचं, धंदा मालकाचा

प्रश्न : वाकडमध्ये फ्लॅट विकणाऱ्या एका एजन्सीत मी टेलिकॉलर म्हणून लागले आहे. मालक रोज नंबरांची एक्सेल यादी देतात आणि माझ्याच मोबाइलवरून फोन करायला लावतात. रिचार्ज तेवढा तेच मारतात. लोक पहिल्या वाक्यालाच फोन कट करतात, काही जण शिव्या देतात. सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : सुरुवात मालकापासून करा. जाहिरातीचे फोन नोंदणी करून, १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करावेत, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा नियम आहे. २०२५ च्या दुरुस्तीनंतर साध्या मोबाइल नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी १९०९ या तक्रार क्रमांकावर गेल्या, तरी कारवाई होऊ शकते. आधी आउटगोइंग बंद, पुन्हा तेच घडलं तर नंबरच जातो. सिम तुमच्या नावावर आहे, बँकेचा ओटीपीही त्यावरच येत असेल. मालकांचं काय, ते दुसरी मुलगी ठेवतील.

यादी कुठून आणली तेही विचारा. सांगणार नाहीत, पण विचारा. साइटवर येऊन, ‘फोन करा’ असं सांगून नंबर देऊन गेलेल्यांची यादी मागा.

आता वाक्य. ‘नमस्कार सर, कसे आहात?’ हे आजपासून बंद. मी टेलिफोन डिरेक्टरी पुढ्यात घेऊन वॉटर प्युरिफायर विकले आहेत. अनोळखी आवाजाने तब्येत विचारली, की समोरचा सावध होतो. नाव, काम आणि ज्याला सरळ ‘नाही’ म्हणता येईल असा प्रश्न, एवढंच हवं : ‘मी अमुक, अमुक एजन्सीतून बोलतेय. ताथवड्यातल्या टू बीएचकेसाठी फोन केलाय. सध्या घर बघताय का?’ ‘नाही’ आलं, तर ‘बरं, नंबर काढते’ म्हणा आणि खरंच काढा.

‘हो’ आलं, तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक (सरकारी नोंदणीचा) आणि कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, तोंडपाठ हवा. जिना-लिफ्ट धरून फुगवलेल्या सुपर बिल्टअपला लोक आता फसत नाहीत. बुकिंगचं विचारलं, तर करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे तुम्हीच सांगा. मालकांना आवडणार नाही. गिऱ्हाईक मात्र पुढचा फोन उचलेल.

दुपारी एक ते चारबद्दल मी काही लिहीत नाही. संपादक सदाशिव पेठेतले आहेत.

मालकांनी १४० चा नंबर घ्यायला नकार दिला, तर पगार हातात पडल्यावर दुसरीकडे अर्ज टाका.